आता बसून काय करू?



मृग लागला की या सदरात मी बियाण्याची उगवण तपासा, बीजप्रक्रिया करा, असे सांगत असतो. ते यंदाही सांगायचे आहेच, पुढच्या अंकात सांगेन. एवढे मात्र आजच ऐकून ठेवा, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज सोयाबीनच्या पेरणीची घाई करू नका. दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी चार जण दुबार पेरणीला येतात, म्हणून पुन्हा सांगितले.

आज मात्र मी तुमच्या शेतात येत नाही, तुमच्या ओसरीवर येतो. ओसरीवर खांबाला टेकून जो म्हातारा माणूस बसलेला असतो आणि ज्याला ओलांडून आपण सगळे घाईघाईने शेतावर जातो, त्याच्यापाशी घटकाभर बसायचे आहे.

खरे सांगायचे तर यात माझा स्वार्थही आहे. पुढच्या वर्षी मला अठ्ठावन्न पुरी होतात. सरकारी नोकराचे बरे असते. कोणत्या महिन्याच्या अखेरीला आपण घरी बसणार हे त्याला नोकरी लागते तेव्हापासून ठाऊक असते. त्या दिवशी शाल, नारळ, चार भाषणे, पेढ्याचा पुडा. दुसऱ्या दिवसापासून काय, हे मात्र कोणी सांगत नाही. शेतकऱ्याला तर तारीखही नसते. मुलाने बापाला न विचारता ट्रॅक्टर सांगितला, त्या दिवशी बाप निवृत्त झाला. शाल नाही, नारळ नाही, आणि घरात कोणाच्या ते ध्यानातही येत नाही.

आमच्या जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातली गोष्ट सांगतो. माणसांची नावे सांगत नाही, कारण गाव लहान आहे आणि हे साप्ताहिक तिथे जाते.

गेल्या वर्षी ज्येष्ठात एका होतकरू तरुणाची टोमॅटोची लागण पाहायला गेलो होतो. गादीवाफे, वर मल्चिंगचा कागद, खाली ठिबक, सगळे नीटनेटके. पायऱ्यांवर चप्पल काढतो तोच त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, पिकाचं मागनं बघा. आधी आमच्या मामंजींकडं बघा. आठ दिवस झालं, पंगतीला बसत नाहीत. गोठ्यातच ताट मागतात."

गोठा म्हणजे तरी काय, बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकलेली. रिकाम्या दावणीशी बाजेवर तात्या बसले होते. वय ७६. एके काळी पंचक्रोशीत पेरणीचा हात धरणारा माणूस. पाभरीवर त्यांची मूठ पडली की तास मोजून घ्यावेत.

झाले होते असे. दुपारी टोमॅटोची रोपे मलूल दिसली म्हणून तात्यांनी कोणाला न विचारता मोटर चालू केली आणि ठिबकची टोपणे उघडून मोकळे पाणी सोडले. जुन्या सवयीने वाफा भरल्यासारखा. दोन तासांनी मुलगा आला. मजुरांच्या देखत ओरडला, "कळत नाही तर हात लावू नका ना!"

आता माझे मत विचाराल, तर पाण्याच्या बाबतीत मुलगा बरोबर होता. दुपारच्या उन्हात कोवळे रोप मान टाकते आणि संध्याकाळी आपोआप उभे राहते, त्याला पाणी कमी पडले असे नसते. कागदाखालच्या वाफ्यात पाणी तुंबले की मुळ्यांना हवा मिळत नाही आणि मर लागायला वाट मिळते. तिथे दीड-दोनशे रोपे गेली, ती मी डोळ्यांनी पाहिली. पण बोलण्याच्या बाबतीत मुलगा चुकलाच. साठ वर्षे ज्या माणसाने त्याच रानाला पाणी दिले, त्याला परक्यांसमोर "हात लावू नका" म्हणायचे, म्हणजे हात तोडल्यासारखेच की.

मी तात्यांना म्हटले, "तात्या, चला की घरात."

"घरात काय हाय सायेब? घर म्हाताऱ्या बाईचं, रान पोराचं. मी आता बसून काय करू, ते सांगा तुमी. शेतीखात्यात एवढी पुस्तकं छापत्यात, म्हाताऱ्यानं काय करायचं त्याचं एखादं हाय का?"

बंधु-भगिनींनो, तसे पुस्तक खात्यात नाही. मी निरुत्तर झालो आणि चहा घेऊन निघालो. निघताना आजींनी दारात गाठले. त्यांचे दुःख निराळेच होते. "ह्यांना काहीतरी काम लावा, नाहीतर मला माहेरी धाडा," त्या म्हणाल्या. माहेरी आता भाचे-नातवंडेच, पण बोलण्यात जोर असा की लगेच गाठोडे बांधतील. "दिवसाला आठ वेळा चा. आणि मी भाजी निवडाया बसले की म्हनं, देठ मोठं ठेवलं. पन्नास वरसं देठ कुठं होतं ह्यांना ठावं नव्हतं."

बायकांना निवृत्ती नसते, हे इथे लिहून ठेवतो. आजींचे बचतगटाचे, भजनाचे, पापड-कुरडयांचे चाललेलेच होते. शासनाने १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट केल्यापासून त्या भजनी मंडळाबरोबर ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला दर चतुर्थीला जातात. प्रश्न पुरुषाचाच होता. साठ वर्षे घराबाहेर राबलेल्या माणसाला घरात कुठे बसावे हेच ठाऊक नसते.

उपाय माझ्या डोक्यातून आला नाही, तो शेजारच्या वाडीतल्या गुरुजींकडून आला. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षे झाली. शिक्षकाला निवृत्तिवेतन आहे, तेव्हा पोटाची काळजी नाही, हे कबूल. पण पैसा असूनही पारावर पत्ते कुटणारे पेन्शनर मी पुष्कळ पाहिले आहेत. गुरुजींचे तसे नाही. त्यांची एक वही आहे.

वही पावसाची. गुरुजींनी अंगणात, झाडापासून आणि वळचणीपासून दूर, सरळ भिंतीचा एक डबा ठेवला आहे. तळ आणि तोंड सारखे रुंद, एवढेच पाहायचे. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेलाच, ते आत पट्टी उभी धरतात. पाणी एक सेंटिमीटर चढले असेल, तर पाऊस दहा मिलिमीटर. वहीत मांडायचे, डबा पालथा करायचा, पुन्हा ठेवायचा. दहा पावसाळ्यांची वही झाली आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. म्हणजे पाचशे चौरस फुटांच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ४६० लिटर पाणी खाली येते. दोनशे लिटरची दोन पिंपे भरून वर उरते. हा हिशेब गुरुजींनी मला ओसरीवर बोटांनी करून दाखवला आणि मग त्यांच्या परसबागेचे टाके दाखवले.

परसबाग तरी केवढी, गुंठाभर म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळीचे दोन खुंट, कुंपणाला दोडका आणि वालघेवडा, कोपऱ्यात कढीलिंब आणि शेवगा, विहिरीकडे पपई. शेवगा त्यांनी तीन फुटांवर शेंडा खुडून पसरवला आहे. नाहीतर आपल्याकडे शेवगा माडीच्या वर जातो आणि शेंगा कावळे मोजतात. भाजी उरली तर शेजारी जाते, विकत नाहीत. "विकायला लागलो की पुन्हा नोकरी आली," असे त्यांचे म्हणणे. हे मला पटत नाही. चार जुड्या विकून चार पैसे गाठीला आले तर म्हाताऱ्या माणसाला मुलाकडे हात पसरावा लागत नाही. पण गुरुजींना पेन्शन आहे, त्यांना कसे कळणार!

मी तात्यांना मोटरसायकलवर मागे बसवून गुरुजींकडे नेले. दोघांची ओळख जुनीच, तात्यांचा मुलगा गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला. तात्यांनी वही उलटसुलट पाहिली, डब्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तुमच्यात बारा पडला असंल, आमच्या रानात वेगळा पडतो." गुरुजी म्हणाले, "मग तुम्ही तुमचा मोजा."

पोरखेळ वाटेल, पण तात्यांनी मोजला. रानात डबा ठेवला. चौथीपर्यंतचे शिक्षण, आकडे मांडता येत होतेच. महिन्याभराने वह्या ताडून पाहिल्या तर दोन किलोमीटरच्या अंतरात एका रात्री चौदा मिलिमीटरचा फरक. आणि मग एक दिवस मुलाने सकाळी ठिबक चालू करण्याआधी गोठ्याच्या दारात येऊन विचारले, "दादा, रात्री किती झाला?" तात्यांनी मला हे चार वेळा सांगितले. दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे.

सगळेच असे सुरळीत झाले असे मात्र नाही. माझीही एक चूक सांगून टाकतो. तात्यांचा हुरूप पाहून मी त्यांना सातेरी मधमाश्यांची एक पेटी मिळवून दिली. सातारा जिल्ह्यातल्या मांघरला २०२२ साली मधाचे गाव म्हणून मान मिळाला, त्याची माहिती मी नुकतीच वाचली होती, तेव्हा माझाही उत्साह जरा जास्तच होता. पेटी छान चालली. फेब्रुवारीत शेजारच्या रानात कांद्याचे बियाणे फुलावर आले, माश्या दिवसभर तिथेच. शेजाऱ्याने फुलकिड्यासाठी सकाळी दहा वाजता फवारणी केली. दुपारी पेटीच्या तोंडाशी मेलेल्या माश्यांचा ओंजळभर ढीग. तात्या एवढेच म्हणाले, "सायेब, पेटी तुमी दिली, पन शेजाऱ्याला कोन सांगनार व्हतं?"

बरोबर होते त्यांचे. पेटी देण्याआधी मी चारही बाजूंच्या बांधांवर जाऊन सांगायला हवे होते. फुलोऱ्यात शक्यतो फवारूच नये, आणि फवारणे भागच असेल तर माश्या घरी परतल्यावर, दिवस मावळताना फवारावे आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी कळवावे. तो रात्रीच पेटीच्या तोंडाला जाळी लावून ठेवील. शेजाऱ्याचा दोष मी देत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि सांगायचे काम ज्याचे, तो पगार घेणारा मी होतो.

आता शेप्याकडे येतो. मुख्य गोष्ट तीच आहे.

तात्यांच्या बांधावर त्यांच्या वडिलांनी लावलेला एक रायवळ आंबा होता. फळ बेताचे, साल जाड, पण पिकला की बडीशेपेसारखा वास, म्हणून त्याला शेप्या म्हणत. मुलाला टोमॅटोचे क्रेट वाहायला टेम्पो थेट रानात न्यायचा होता आणि वाट नेमकी शेप्याच्या बुंध्यावरून जात होती. शिवाय सावलीत पाच-सहा ओळींचे पीक खुरटते, हेही खरे. मुलाने झाड काढायचे ठरवले. आंबा आपल्या राज्यात १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यातल्या अनुसूचित झाडांत येतो. स्वतःच्या बांधावरचा असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुलाने रीतसर अर्ज केला. कागद फिरायला वेळ लागला. कागद फिरायला वेळ लागतो याचा मला नोकरीत प्रथमच आनंद झाला.

तात्या माझ्यावरच उखडले. "तुमीच म्हनला होता, रायवळ काढा अन् केसर लावा. ध्यानात हाय का?"

ध्यानात होते. १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी खात्यात लागलो, तेव्हाही याच तालुक्यात होतो. बांधाबांधावर फिरून आम्ही सांगत असू, रायवळ काय ठेवता, कलमे लावा, पैसा येईल. पैसा आलाही, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पण त्या धामधुमीत गावोगावचे गोटी, साखऱ्या, शेप्या गेले, आणि जे गेले त्याची काडीसुद्धा आम्ही राखून ठेवली नाही. ते सांगायला हवे होते, ते सांगितले नाही.

तात्यांना वाटत होते, कोय लावली की शेप्या पुन्हा येईल. इथे पुष्कळांची समजूत चुकते. आंब्याच्या मोहरावर चहूकडचे परागकण येतात. त्यामुळे कोयीचे झाड येते, पण तोच आंबा येईल याची खात्री नाही. तोच आंबा हवा तर त्याच झाडाची काडी हवी. म्हणजे कलम करायला हवे. आणि म्हाताऱ्या माणसाला बसल्या जागी करता येईल असे कलम म्हणजे कोय कलम.

त्याची रीत सांगतो, कारण दिवस तेच आहेत. आंबे खाऊन कोयी उकिरड्यावर टाकू नका. कोय ताजी असतानाच धुऊन ओल्या वाळूच्या किंवा मातीच्या वाफ्यात लावायची. वाळली की उगवत नाही. पंधरा-वीस दिवसांत तांबूस पानांचे कोंब येतात. असा कोवळा, तांबूस कोंबच हवा, हिरवा पडून कठीण झाला की साधत नाही. दुसरीकडे ज्या झाडाचे कलम करायचे, त्याच्या तीन-चार महिने वयाच्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या हेरून ठेवायच्या. काडी तोडण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून कापायची म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. मग रोप कोयीसकट उचलायचे, कोयीच्या वर दोन-अडीच इंच खोड ठेवून शेंडा उडवायचा, खोडाला मधोमध दीड इंच उभी चीर द्यायची. काडीचे बूड दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखे करायचे आणि चिरेत बसवायचे. निदान एका बाजूने तरी सालीला साल भिडली पाहिजे. सगळी मेख तिथे आहे. वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि शेणखत-मातीच्या पिशवीत, जोड मातीच्या वर राहील असे लावायचे. सावलीत ठेवायचे, मुसळधार पाऊस थेट पडू द्यायचा नाही. तीनेक आठवड्यांत डोळा फुटला तर साधले.

तात्यांनी आषाढाच्या सुरुवातीला तीस कलमे बांधली. साधली सात. पाने आधी काढायचा माझा सल्ला त्यांनी ऐकला नव्हता, आणि चष्माही लावला नव्हता. "चस्मा कशाला, हाताला ठावं असतं." हाताला पेरणी ठाऊक होती, साल जुळवणे नव्हते. गुरुजींनी आपला जुना चष्मा दिला. तो तात्यांच्या नाकावर इतका मोठा दिसे की नातवंडे हसून लोळत. दुसऱ्या तिसात एकोणीस साधली. एकूण सव्वीस. गोठ्याच्या रिकाम्या दावणीशी, जिथे बैल बांधत, तिथे सव्वीस पिशव्या ओळीने.

त्या पिशव्यांनी तात्यांचा दिवस लावून दिला. पहाटे उठून पिशव्यांना पाणी, जोडाच्या खालून फुटणारे रानफुटवे खुडायचे, साडेआठला पावसाचा डबा, न्याहारीनंतर थोडी झोप, दुपारी गुरुजी नाहीतर दुसरे कोणी. चहा आठावरून चारावर आला, असे आजी सांगतात.

आणि दोघांनी फिरायला सुरुवात केली. एसटीत २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही, पासष्टीच्या पुढच्यांना अर्धे. त्यामुळे तात्या फुकट आणि गुरुजी अर्ध्यात. तात्या दर वेळी कंडक्टरसमोर आधार कार्ड असे काढतात, जणू पोलीस पाटलाचा हुकूमनामा. जुन्नरच्या बाजाराला जायचे, घ्यायचे फारसे काही नाही, पण मिरच्यांचा, कांद्याचा, कोथिंबिरीचा भाव विचारून यायचे. लेण्याद्रीला गेले तेव्हा पायऱ्या पाहून तात्यांनी खालूनच गिरिजात्मजाला हात जोडले आणि गुरुजी वर जाऊन येईपर्यंत शेंगावाल्याशी बोलत बसले.

श्रावणात पुतण्याच्या पिकअपमधून नाणेघाटला गेले. जन्म तालुक्यात काढला, पण तात्यांनी नाणेघाट पाहिला नव्हता. शेत सोडून कधी गेलेच नाहीत. धुक्यात काही दिसत नव्हते म्हणे, पण गुरुजींनी गुहेतला सातवाहनांचा ब्राह्मी लिपीतला दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख दाखवला, त्यात दानाचे आकडे कोरले आहेत ते सांगितले, आणि घाटाच्या तोंडाचा दगडी रांजण दाखवला. व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकत, असे लोक सांगतात. तात्या रांजणात डोकावून म्हणाले, "म्हंजे कटती तेव्हापासनंच हाय!"

एक नियम मात्र दोघे पाळतात. सहाच्या आत घर. आमच्या भागात कालव्यांचे पाणी आले, ऊस आला, आणि उसाबरोबर बिबट्या आला. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्रच आहे, यावरून समजा. अंधार पडताना उसाच्या कडेने एकट्याने फिरू नये, बांधावर वाकून किंवा बसून राहू नये, हातात काठी-बॅटरी असावी, लहान पोरांना आजोबांच्या भरवशावर बाहेर सोडू नये. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची संध्याकाळची फेरी बिबट्याने खाल्ली आहे. फिरायचे ते सकाळी, उजाडल्यावर.

जाता जाता वाटणीबद्दल एक शब्द, कारण मला यावर पत्रे येतात. तात्यांनी सगळी जमीन मुलांच्या नावावर करून टाकली होती. मुलगा भला, म्हणून निभावले. पण मी सांगेन, वाटणी करताना उताऱ्यावर आपलेही नाव राहू द्या, आणि कारभारणीचेही. पीक मुलाला काढू द्या, निर्णय त्याला घेऊ द्या, टोमॅटो लावायचा की झेंडू यात तोंड घालू नका. नाव तेवढे राहू द्या. जमीन देऊनच टाकायची असेल तर सांभाळण्याची अट कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने, अशी अट असूनही मुलगा सांभाळत नसेल, तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते आणि ते हस्तांतर रद्दही होऊ शकते. तोंडी वचनावर तिथे भांडत बसावे लागते. पोराला राग येईल म्हणून अट लिहायची नाही, असे करू नका. राग आठ दिवसांत जातो.

शेप्याची परवानगी माघात आली. तात्यांनी मुलाला एकच गोष्ट मागितली, एवढा हंगाम जाऊ दे. मुलाने दिला. यंदा फळ बरे आले. उतरवले ते तात्यांनी गावात घरटी चार-चार वाटले, मलाही पाठवले. वैशाखाच्या शेवटी करवतवाला आला. त्या दिवशी गुरुजी तात्यांना सकाळच्या एसटीने ओझरला घेऊन गेले, संध्याकाळीच परत आणले. परत आल्यावर तात्या बांधाकडे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा स्वतः गोठ्यात आला आणि म्हणाला, शेततळ्याच्या कडेला दोन खड्डे घेतलेत, कुठली कलमं लावायची ते तुम्ही काढून द्या. तात्यांनी दोन चांगली भरलेली काढून दिली. पण अजून पुरते बोलत नाहीत त्याच्याशी, हे खरे ते सांगतो. आजी म्हणतात, बोलतील.

सव्वीसांपैकी दोन उन्हाळ्यात गेली. दोन शेततळ्यावर, चार भावकीत, एक गुरुजींच्या परसात शेवग्याच्या जागी लागणार. गुरुजी शेवगा काढणार आहेत, यावर माझा विश्वास नाही. एक शाळेच्या आवारात. बाकीची अजून दावणीशी आहेत आणि मागणारे येऊ लागले आहेत. तात्या पैसे घेत नाहीत, पण आधी खड्डा पाहायला स्वतः येतात. तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, तळाला पालापाचोळा, वर शेणखत मिसळलेली पोयटा माती, एवढे भरलेले दिसले तरच कलम मिळते.

परवा गेलो तेव्हा म्हणाले, "सायेब, तुमीबी पुढल्या वरसी घरी बसनार म्हनं. तुमच्यासाठी दोन काढून ठेवलीत."

तालुक्याच्या गावात माझे घर आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे घरच्यांनी मोटरसायकलीसाठी शेड घालायचे ठरवले आहे. मी म्हटले, "जागेचं बघतो तात्या."

"आधी खड्डा दाखवा," तात्या म्हणाले, "मग कलम न्या."